पुराच्या दिवसांत ऊन नसतं, मग सौर कंदील घ्यायचा कुठला?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. जुलै २०२१ ला तळमजल्यात पाणी शिरलं आणि वरच्या मजल्यावर पाच रात्री अंधारात काढाव्या लागल्या. शिवाय दरवर्षी शाळेच्या मुलांना घेऊन तुम्ही पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला जाता. दोन्हीकडं चालेल असा एकच सौर कंदील हवा आहे आणि हात दोन हजारांपर्यंत सैल करता येईल. मोबाईलवर एक जाहिरात बघितलीत: ९,९०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) बॅटरी, एकदा चार्ज केला की २०० तास, फोनही चार्ज होतो, किंमत ४९९. तो घेऊ का, असं विचारलंय. आणि जाता जाता, माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा मोठा प्लेटवाला सौर कंदील पडलाय, तो भंगारात देऊ का, असंही. तो अजून दिला नसेल तर देऊ नका. त्याच्याकडं शेवटी येतो.

शाहूपुरीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं इमर्जन्सी लाईट, इन्व्हर्टर, सोलर प्लेटा हेच चाललंय. कुठलाही ब्रँड विकत नाही, त्यामुळं कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. उलट खराब कंदील जितके खपतील तितका माझा धंदा.

जाहिरातीतला घेऊ नका. का, ते एक उघडलेला कंदील सांगतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक माझ्या टेबलावर आला होता. चार स्क्रू काढले, आत एकच सेल, अंगठ्यापेक्षा जरा लांब. त्याला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. वर निळं प्लास्टिक आणि त्यावर ठळक ९९००. हातात घेतला तेव्हाच शंका आली. सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा आहे माझ्याकडं, त्यावर ठेवला: २८ ग्रॅम. या मापाचा चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. पूर्ण चार्ज करून टेस्टरवर उतरवला तर ६४० एमएएच निघाले. आजच्या घडीला या मापाच्या उत्तम सेलमध्येसुद्धा ३,५०० एमएएचच्या आसपासच मावतात आणि कंदिलात प्रामाणिकपणे २,००० ते २,६०० मिळाले तरी पुष्कळ. एका सेलवर ९,९०० लिहिलेलं दिसलं की दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडायचं.

आता २०० तासांचं बघू. एमएएच विसरा, वॉट-अवर धरा: एक वॉटचा दिवा तासभर चालला की एक वॉट-अवर खर्ची पडला. २,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७.४ वॉट-अवर. तेवढी तुमची टाकी. त्यातलं सहाएक हाताला लागतं, बाकी सर्किट खातं. खोलीत बसून जेवता येईल, पोरांना वाचता येईल असा उजेड एक वॉट एलईडी देते, साधारण शंभर ल्युमेन (उजेडाचं माप). म्हणजे सहा तास. हीच टाकी २०० तास पुरवायची तर उजेड तीन-चार ल्युमेनवर आणावा लागेल. मेणबत्ती बारा-तेरा ल्युमेनची असते. म्हणजे मेणबत्तीच्याही पाव उजेडात दोनशे तास. तेवढा २०० तासांचा दावा खोटा नाही म्हणता येणार, फक्त तो उजेड काजव्याच्या नात्यातला आहे.

आता मुद्द्याचं. कोल्हापुरात सौर कंदील आपल्याला नेमका लागतो कधी? २००५, ऑगस्ट २०१९, जुलै २०२१. तिन्ही वेळा पाणी पावसाळ्याच्या भरात आलं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पंचगंगा पात्राबाहेर, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, आणि आठवडाभर सूर्याचं तोंड नाही. पावनखिंडीची मोहीमही जुलैतच, कारण बाजीप्रभूंचं ते बलिदान १६६० च्या जुलैमधलं. म्हणजे तुमच्या दोन्ही गरजा ज्या दिवसांतल्या, त्याच दिवसांत कंदिलाची प्लेट उपाशी असते. पाकिटावर छापलेला चार्जिंगचा वेळ भर उन्हातला असतो, १,००० वॉट प्रति चौरस मीटर धरून. तसं ऊन आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या दुपारी मिळतं. तेव्हा दारात लाईट असते आणि कंदील कपाटात.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. एक वॉटची प्लेट आणि मल्टिमीटर घेऊन दुकानाच्या मागच्या बोळात मोजलंय. एप्रिलमध्ये दुपारी बाराला मोकळे व्होल्ट (प्लेटेला काही न जोडता मोजलेले) ६.४, करंट १९० मिलिअँपिअर. तीच प्लेट, तीच जागा, जुलैत गच्च भरलेलं आभाळ: व्होल्ट ५.६ आणि करंट १८. व्होल्ट फारसे उतरत नाहीत हे ध्यानात ठेवा, कारण फसगत इथंच होते. व्होल्ट आहेत म्हणून कंदिलावरचा चार्जिंगचा तांबडा दिवा लागतो. माणूस बघतो, दिवा लागलाय, होतंय चार्ज. पण नळाला थेंब थेंब पाणी आल्यावर हंडा जसा भरेल तसा तो सेल भरत असतो. अठरा मिलिअँपिअरने दिवसाचे दहा तास धरले तर २,००० चा सेल भरायला अकरा दिवस लागतील. तोवर पूर ओसरून घरातला चिखलही काढून झालेला असेल.

मग सौर कंदील घ्यायचाच कशाला, असं म्हणाल. घ्या, पण डोक्यात क्रम बदला. आधी बॅटरी, मग यूएसबीवरून चार्ज होण्याची सोय, मग पाण्यापासून बचाव, आणि चौथी प्लेट. लोक उलटं करतात, प्लेट बघून भुलतात. (बॅटरी म्हणजे इथं आतला सेल. नाहीतर आपल्याकडं हातातल्या विजेरीलाही बॅटरीच म्हणतात आणि दुकानात अर्धा तास गोंधळ होतो.)

बॅटरीत तीन प्रकार भेटतील. पहिला, जुन्या धाटणीचा शिशाचा, चार किंवा सहा व्होल्टचा चौकोनी डबा. बाजारपेठेत स्वस्तातल्या इमर्जन्सी लाईटमध्ये अजून येतो. रोज लाईट जाणाऱ्या गावात, रोज उतरून रोज चार्ज होत असेल तर बरा चालतो. पण तुमच्यासारखं वर्षातून दोनदा काढायचं असेल तर नको. उतरलेल्या अवस्थेत सहा महिने पडला की शिशाच्या पट्ट्यांवर पांढरं साचतं आणि तो मरतो. पुराच्या आदल्या दिवशी माझ्याकडं अशी डझनभर मढी येतात, आणि त्या दिवशी मला स्वतःच्या घरचं सामान वर चढवायचं असतं.

दुसरा, नेहमीचा लिथियम-आयन, ३.७ व्होल्ट. हलका, साठवण जास्त. तिसरा लिथियम आयर्न फॉस्फेट, त्यावर ३.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ओळखायची खूण तीच. त्याच मापात साठवण थोडी कमी, पण आयुष्य कितीतरी जास्त आणि तापला तरी सहजासहजी पेट घेत नाही. घरात पोरं, वर पत्र्याचं छप्पर, कंदील वर्षानुवर्षं पडून राहणार, असं असेल तर मी डोळे झाकून ३.२ वाला सांगतो. वजनाला थोडा जड, एवढंच. लिथियम कुठलाही असो, बॅटरीवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. सुट्या लिथियम सेलना आणि बॅटरीना आपल्याकडं ही नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६०४६ या मानकाखाली. नंबर आहे म्हणून माल उत्तमच असं नाही, पण नंबरच नसेल तर विषय संपला.

चार्जिंगची पिन टाईप-सी असावी. जुनी बारकी मायक्रो पिन दोन पावसाळ्यात सैल होते आणि ओल धरली की तिच्यात हिरवा गंज चढतो. २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडं आलेल्या कंदिलांत निम्म्यांचं दुखणं एवढंच होतं. सेल चांगला, एलईडी चांगली, पिन कुजलेली. शंभर रुपयांचं काम, पण पुरात ते करणार कोण?

यूएसबी एवढं का, तर पुरात वीज बंद असली तरी ती कुठूनतरी मिळते. शेजारच्या इन्व्हर्टरवरून, गाडीच्या सॉकेटमधून, ट्रॅक्टरच्या बॅटरीला कन्व्हर्टर लावून. सगळ्यात सोपं म्हणजे पॉवर बँक. इथं जरा हिशेब करू, कारण तुमच्या दोन हजारांचं काय करायचं ते यातूनच ठरतं.

संध्याकाळी सात ते अकरा एक वॉटचा उजेड, चार वॉट-अवर. मग रात्रभर जिन्याजवळ मंद दिवा, ०.१ वॉट धरला तर सात तासांचे ०.७. जिन्याखाली पाणी असताना रात्री पूर्ण अंधार करून झोपत नाही कुणी. म्हणजे एका रात्रीला पाचच्या आतबाहेर, पाच रात्रींना पंचवीस. एक प्रामाणिक २,००० एमएएचचा कंदील एका भरणीत सहा देतो. पंचवीस देणारा एकच मोठा कंदील शोधायला गेलात तर तो जड, बजेटबाहेरचा, आणि मोहिमेत सॅकला लटकवायला नको वाटणारा. त्याऐवजी छोटा कंदील आणि २०,००० एमएएचची चांगली पॉवर बँक. तिच्या आत ७४ वॉट-अवर, बाहेर पंचेचाळीस-पन्नास येतात. कंदील भरायला यूएसबीवरून दहाएक लागतात, म्हणजे चार वेळा भरून निघेल. आधीची एक भरणी धरून पाच. पाच रात्री सुटल्या, उन्हाचा किरण न पडता. पॉवर बँकेवर नोंदणी क्रमांक आणि वॉट-अवरचा आकडा, दोन्ही छापलेलं असलं पाहिजे.

फोन मात्र या हिशेबात नाही. त्याला वेगळी पॉवर बँक ठेवा किंवा फोन विमान मोडवर टाकून दिवसातून दोनदा चालू करा. आणि कंदिलातून फोन चार्ज करण्याच्या भानगडीत पडू नका. आजच्या ५,००० एमएएचच्या फोनला १९ वॉट-अवर लागतात. सहा देणारा कंदील त्याच्यात ओतला तर फोन पाव भरेल आणि घरात अंधार. ती सोय दुकानात सांगायला छान वाटते, बाकी काही नाही.

शक्य असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या. एक वर माणसांत, एक जिन्यात किंवा संडासात. एक बिघडला तर दुसरा असतो. पाण्यातून माणसं काढताना एक कंदील होडीबरोबर गेला की घर अंधारात, असं २०१९ ला आंबेवाडी-चिखलीच्या लोकांकडून मी ऐकलंय.

पाण्याचा बचाव कसा ओळखायचा? पाकिटावर आयपी आणि पुढं दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर शिंतोडे सोसेल, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. मोहिमेला ४ सुद्धा निभावेल, पुराला ७ बघा. पण हे सगळं चार्जिंगच्या पिनेवरचं रबरी बूच नीट बसलेलं असेल तरच. ते बूच पातळ, लोंबणारं असेल तर आयपीचा आकडा कागदावरच. दुकानात ते दोन-तीनदा उघडून बंद करून बघा. नखाने जोर लावावा लागला तर चांगलं.

हवा भरून फुगवायचे कंदील मोहिमेला झकास. कल्पना तशी नवी नाही. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, त्यानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी असा दिवा काढला, त्याचंच पुढं लुमिनएड झालं. दुमडला की वहीएवढा, पाण्यावर तरंगतो, प्लास्टिकमधून उजेड मऊ पडतो. पुरात तरंगणारा कंदील ही चैन नाही. पण दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, आतला सेल चिकटवलेला असतो, मेला की दिवा गेला. मला स्क्रूवाले दिवे आवडतात. आयआयटी मुंबईने २०१४ च्या सुमारास शाळकरी पोरांसाठी अभ्यासाचे सौर दिवे काढले होते, 'सोल' नावाचे. ते गावातल्याच माणसांनी जोडायचे आणि गावातच दुरुस्त करायचे, असं ठरवून केलेले. कंदील घेताना तो उलटा करून बघा. स्क्रू दिसले तर पुढच्या पाच वर्षांची आशा आहे. चारी बाजूंनी चिकटवलेला असेल तर दोन वर्षांचा पाहुणा समजा.

उजेडाचा रंग. दुकानात पांढराशुभ्र लावून दाखवतात, डोळे दिपतात, माणूस खूश. रात्री त्याच उजेडाला पावसाळी किडे लगडतात, मग वरणात किडा कुणाच्या वाट्याला येतो ते बघत बसायचं. पिवळसर उजेडाला किडे कमी येतात, ३,००० केल्विन किंवा 'वॉर्म' लिहिलेलं बघा. आणि मंद दिव्याची पायरी असलीच पाहिजे. सगळ्यात मंद पायरी जितकी मंद तितका कंदील कामाचा, हे पुरात एक रात्र काढलेल्याला सांगावं लागत नाही. मोबाईलचा कॅमेरा कंदिलावर धरून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. डोळ्याला ते कळत नाही, पण वाचणाऱ्या पोरांचं डोकं दुखतं.

मोहिमेबद्दल दोन शब्द. चालायला कंदील नको, कपाळावरचा दिवा हवा. हातात कंदील धरून चिखलात चाललं की पुढचं दिसत नाही, स्वतःचे पाय तेवढे दिसतात. कंदील मुक्कामाचा, जेवणावळीचा, आणि रात्री पोरांना बाहेर जायला लागतं तेव्हाचा. सॅकच्या पाठीवर प्लेट बांधून चालायची फॅशन आहे. जुलैत तिचा उपयोग शून्य, डिसेंबरात थोडा, कारण अर्धा वेळ आपल्याच अंगाची सावली तिच्यावर. राधानगरी-दाजीपूरकडं पोरांना घेऊन गेलात तर वनखात्याने दिलेल्या जागेतच मुक्काम करा. गवा दिसला तर त्याच्या डोळ्यावर झोत मारू नका, कंदील खाली धरून गप मागं सरका. आणि मे-जूनमध्ये काजवे बघायला गेलात तर कंदील बंद. काजव्यांचं सगळं बोलणं उजेडातच चालतं, आपला पांढरा झोत म्हणजे दोघं कुजबुजत असताना मध्ये कर्णा लावल्यासारखं.

आता प्लेटेकडं येऊ, कारण चौथी म्हटलं तरी पैसे तिलाही मोजताय. पाकिटावर काहीही वॉट लिहिलेले असोत, तळहात धरा. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी, बोटं सोडून, चांगली प्लेट म्हणजे एक वॉट. सत्तरएक चौरस सेंटिमीटर. त्याच आकारावर कुणी पाच वॉट लिहिलं असेल तर त्याला सूर्य जास्त जवळ बोलवावा लागेल. प्लेटेवर काचेचं आवरण असेल तर उत्तम. वरून राळ ओतलेली गुळगुळीत प्लेट दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि निम्मी होते. आणि एकाही पट्टीवर सावली पडू देऊ नका. त्याच एक वॉटच्या प्लेटेवर, एप्रिलच्या उन्हात, मी एका पट्टीवर नुसता अंगठा ठेवला: १९० चे ३० झाले. पट्ट्या माळेसारख्या एकामागं एक जोडलेल्या असतात, एक मणी अडला की माळ अडली. म्हणून खिडकीच्या गजामागं प्लेट ठेवून काही होत नाही, गजाची सावली एवढीशी दिसते, पण काम तमाम करते.

जमलं तर प्लेट सुटी, वायरने जोडायची अशी घ्या. कंदिलाच्या डोक्यावरच प्लेट असली की अख्खा कंदील उन्हात ठेवावा लागतो आणि एप्रिलमध्ये पत्र्यावर आतला सेल शिजतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पत्रा त्याच्या कितीतरी पुढं जातो. वायरवाली प्लेट गच्चीत, कंदील दाराआड सावलीत.

घेतल्यावर काय करायचं ते सांगतो. पूर्ण भरून कपाटात ठेवू नका, पूर्ण रिकामाही नको, निम्म्याच्या आसपास. दर तीन महिन्यांनी काढून बघा. आणि आपल्या कोल्हापुरकरांना एक घड्याळ फुकट मिळालंय: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. पावसाळ्यात ती सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या फोनवर असते. पाणी ३९ फुटांवर, इशारा पातळीला, आलं की त्याच तासाला कंदील आणि पॉवर बँक दोन्ही चार्जिंगला लावायची. धोका पातळी ४३ फुटांची, तिथं पोचेपर्यंत थांबलात तर लाईट असेलच असं नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. तुमच्या पेठेत त्याच्या कितीतरी आधी सामान हलवायला लागतं, हे मी तुम्हाला काय सांगणार.

कंदील बुडालाच तर चालू करून बघायची घाई नको आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका. स्क्रू काढा, सेलची पिन सोडवा, चिखल असेल तर साध्या स्वच्छ पाण्यानं धुवा, दोन-तीन दिवस सावलीत पंख्याखाली वाळवा. सेल फुगलेला दिसला तर दाबू नका, टोचू नका. घराबाहेर कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात द्या. केस वाळवायच्या मशीनने कंदील वाळवायला जाऊन प्लास्टिक वितळवलेले दोन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

म्हणजे तुमच्या दोन हजारांत: २,००० ते २,६०० एमएएचचा, टाईप-सी, आयपी ६७, पिवळ्या उजेडाचा, स्क्रूवाला एक छोटा कंदील, आणि उरलेल्यात पॉवर बँक. घरात आधीच चांगली पॉवर बँक असेल तर दोन कंदील.

आता माळ्यावरचा. तुम्ही लिहिलंय की त्याला दुमडलेली ट्यूब आहे आणि फुटभर लांबीची काचेची प्लेट वायरने जोडलेली. हा तो जुना सरकारी धाटणीचा दिसतोय: सात वॉटचा सीएफएल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, दहा वॉटची प्लेट. बॅटरी मेलेली असणार, तिच्याबद्दल दुःख नको. सीएफएलही जाऊ दे. पण प्लेट, ताई! काचेखालच्या असल्या प्लेटा वीस-वीस वर्षं चालतात. फडक्याने पुसा, उन्हात धरा आणि मल्टिमीटर लावा. वीस-एकवीस व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या वर करंट दाखवला तर ती जिवंत आहे. भर उन्हात दहा वॉट देणारी प्लेट जुलैच्या ढगातही वॉटभर देते, म्हणजे नव्या कंदिलावरची चिमुकली प्लेट एप्रिलच्या दुपारी देईल तेवढं. दिवसभरात त्यातून तीन-चार वॉट-अवर पदरात पडले तरी निम्म्याहून जास्त रात्र निघाली.

गाडीचा चार्जर लावून तिच्यावर थेट नवा कंदील चार्ज करायला जाऊ नका, ढगात ताण आला की प्लेटेचे व्होल्ट पडतात आणि चार्जर चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. मध्ये बॅटरी पाहिजे. जुन्या डब्यात शिशाच्या जागी १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-अवरचा फॉस्फेट पॅक आरामात बसतो. कंट्रोलर (प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारं सर्किट) त्या पॅकला चालेल असा बदलायचा, सीएफएलच्या जागी १२ व्होल्टची एलईडी पट्टी, बाजूला यूएसबीचं एक सॉकेट. तो पॅक सत्तरएक वॉट-अवरचा, म्हणजे उन्हाशिवायही तुमच्या पाच रात्री एकट्यानं काढून वर शिल्लक. खर्च तुमच्या दोन हजारांच्या थोडा वर जाईल, म्हणून यंदा छोटा कंदील घ्या आणि हा पुढच्या पावसाळ्याआधी करून घ्या. माझ्याकडंच आणा असं नाही, लक्ष्मीपुरीतही हे काम करणारे आहेत. फक्त प्लेट आणताना काचेवर गोधडी गुंडाळून आणा. मागच्या वर्षी एकाने असलीच धडधाकट प्लेट स्कूटरवर मांडीत धरून आणली आणि दसरा चौकातल्या खड्ड्यात तिचे दोन तुकडे झाले.